शेवटच्या डीपीच्या पलीकडे

मनालीहून लेहकडे निघालं की अटल बोगदा ओलांडून काही अंतरावर तांडी लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरच्या पाटीचा फोटो काढल्याशिवाय फारसं कुणी पुढे जात नाही. पाटी सांगते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिच्यासमोर वर्षानुवर्षं लोक टाकी काठोकाठ भरत आलेत, वर एखाददुसरा कॅन भरून टपावर बांधत आलेत, चढाला गाडी किती पिईल याचा तोंडी हिशेब करत आलेत. विजेच्या गाड्या आपल्याकडे दिसू लागल्या त्याच्या कितीतरी आधीची ही पाटी. इंधन पुरेल का, ही धास्ती आडवाटेच्या प्रवासाइतकीच जुनी आहे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण मावसभावाने दोन मोटरची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली आणि आम्ही ती सह्याद्रीत न्यायला लागलो तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो: "डोंगरात मध्येच चार्जिंग संपलं तर?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर गाडीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते गावात सापडतं. डांबर संपतं तिथे कसलं गाव आहे, त्या गावात वीज कशी येते, किती येते आणि ती आपल्याला देणारं कुणी आहे का, यावर सगळं ठरतं.

गाडीच्या अंगात जोर आहे का, हा वाद मी माझ्यापुरता मिटवलाय. डिझेल इंजिनाला पुरेसा जोर काढायला ठरावीक वेगाने फिरावं लागतं. म्हणून दगडातून मुंगीच्या पावलाने चढायचं तर लो-रेंजचा दांडा ओढा, क्लच जपा, जळका वास आला की थांबा. मोटरला हे काही लागत नाही. चाक जागचं हललेलंही नसतं तेव्हा तिचा पुरा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हाताशी असतो. २०२५ मध्ये आलेल्या टाटांच्या हॅरियर ईव्हीचंच घ्या. पुढे एक मोटर, मागे एक, ५०४ न्यूटन-मीटर टॉर्क, ७५ किलोवॉट-तासांची, म्हणजे ७५ युनिटांची बॅटरी आणि ६०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याचा कंपनीचा दावा. हवा आत ओढणारं इंजिनच नाही म्हटल्यावर ओढ्यात इंजिन पाणी पिईल ही भीतीही नाही. उंचीवर दमही लागत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळ मानाने दहा टक्क्यांनी घटते. मोटरला हवेशी देणंघेणंच नसतं. २०२० मध्ये ह्युंदाई कोना इलेक्ट्रिक तिबेटमधल्या सावुला खिंडीत ५,७३१ मीटरपर्यंत गेली आणि तिची गिनीजमध्ये नोंद झाली.

अडचण वजनाची आहे. मारुतीची छोटी फोर-बाय-फोर जिम्नी साधारण बाराशे किलोची. या मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्ही सव्वादोन टनांच्या आसपास जातात. कोरड्या मुरमावर, दगडी पाणंदीत ते वजन जाणवत नाही, उलट गाडी जमिनीला धरून राहते. पण भातखाचराच्या कडेचा काळा चिखल वजन माफ करत नाही. जिथून हलकी जिम्नी चिखल उडवत निघून जाते तिथे ही गाडी चाकाखालची जमीन दाबत दाबत आत बसते. आणि बॅटरी पोटाखाली सपाट पसरलेली, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर लांब. त्यामुळे उंचवट्यावर पोट टेकायची धास्ती सतत. डिझेल गाडीचं पोट घासलं तर आपण चुकचुकतो आणि पुढे जातो. इथे त्या पत्र्याच्या वर गाडीचा सगळ्यात महाग भाग आहे. म्हणून आमच्यातला एक जण कायम उतरून पुढे चालतो, वाकून बघतो, हाताने दिशा दाखवतो. इंजिनाचा आवाज नसल्याने त्याचं बोलणं काच खाली केली की स्पष्ट ऐकू येतं, टायरखाली दगड सरकल्याचंही कळतं. खडी उतरंड उतरताना हे ऐकू येणं किती कामाचं आहे, ते एकदा अनुभवल्यावर जुन्या घरघराटात आपण इतकी वर्षं अंदाजाने गाडी चालवत होतो असं वाटतं.

आता पल्ल्याचं. आमचा आवडता टापू भंडारदऱ्याचा. पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर असा फिरणारा रस्ता, आणि त्याला फुटणाऱ्या बैलगाडीच्या वाटा. इथे एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कुणी सांगितली असती तर मी मानली नसती. बॅटरी दगडात संपत नाही, हायवेवर संपते. शंभरच्या वेगाने हवा कापत जाताना युनिटमागे सहा किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. कच्च्या वाटेवर युनिटमागे तीनच मिळतात, म्हणजे कागदावर निम्मा पल्ला. पण कच्च्या वाटेवर माणूस दिवसभरात जातो किती? तीस-चाळीस किलोमीटर. तासाला आठ-दहाच्या वेगाने, थांबत, उतरून बघत, दगड रचत. आणि थांबलेली विजेची गाडी जवळपास काहीच खात नाही. डिझेल गाडी उभ्या उभ्या पीत राहते. आडवाटेचा हिशेब किलोमीटरवर मांडला की विजेची गाडी हरते, तासांवर मांडला की जिंकते.

चढ-उताराचंही गणित सोपं आहे. माणसं-सामान धरून अडीच टनांची गाडी हजार मीटर वर चढवायला, घर्षण वगैरे सोडून, सातेक युनिट लागतात. उतरताना त्यातला निम्म्याहून जास्त वाटा मोटर परत बॅटरीत भरते. घाटघरला याचंच महाकाय रूप बघायला मिळतं. तिथला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतो आणि मागणी वाढली की सुमारे ४०० मीटर खाली सोडून त्यावर वीज काढतो. आम्ही कड्यावर गाडी लावली की मावसभाऊ दर वेळी नव्या माणसाला हे समजावून सांगतो. मलाही दर वेळी ऐकायला आवडतं.

तर हायवेवर नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात फास्ट चार्जर आहेत, तिथे चहा होईपर्यंत गाडी भरून घेता येते. खरी कसोटी त्यापुढची. मुक्कामाचं गाव.

मे महिन्यात साम्रदला उतरलो होतो. सांधण दरीमुळे तिथे बऱ्याच घरांत जेवणाखाण्याची, झोपायची सोय होते. घरमालक काका आमच्या ओळखीचे. पडवीतल्या फ्रीजचा पंधरा अँपिअरचा पॉइंट त्यांनी मोकळा करून दिला. आम्ही गाडीबरोबर आलेला चार्जर लावला. डब्यावरचा दिवा लाल. काढून परत लावला. लाल. अर्थिंग, म्हणजे विजेची जमिनीशी जोडणी, मिळत नव्हतं. घरातले दिवे, पंखा, मिक्सर सगळं अर्थिंगशिवाय बिनबोभाट चालतं. त्यामुळे ते गेलंय हे कुणाला कळायचं कारणच नसतं. गाडीचा चार्जर मात्र आधी जमीन तपासतो आणि जमीन लागली नाही तर वीज घेतच नाही.

काका विजेरी घेऊन घरामागे गेले. मोरीच्या कडेला जमिनीत एक गंजका पाइप गाडलेला, त्याला तार गुंडाळलेली. त्यांनी पायाने माती उकरली. भुरभुरीत, पीठ झालेली माती. म्हणाले, "ओल कुठं राहिली आता जमिनीत. पाणी घाला, लागंल."

पाणी घाला, म्हणायला सोपं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी हा एक, हाकेवर दोन धरणं, आणि मे महिन्यात बायका विहिरीवरून डोक्यावर हंडे आणतात. आमच्या गाडीसाठी त्यातला हंडा मातीत ओतायचा? आम्ही नको नको म्हणत होतो तेवढ्यात काकू आतून आल्या. जेवणाची भांडी घासून झाली होती. ते खरकटं, राखाडी पाणी त्यांनी बादलीत धरून ठेवलं होतं. "चांगलं पाणी कशाला? हे घ्या," म्हणाल्या, आणि वरून मूठभर जाडं मीठ दिलं. काकांनी पाइपाभोवती आळं केलं, मीठ पसरलं, पाणी हळूहळू मुरू दिलं. तार घासून परत आवळली. पंधरा-वीस मिनिटांनी मावसभावाने स्विच दाबला. दिवा हिरवा.

लगेच पडवीतला पंखा मंदावला. घर गावाच्या टोकाला, डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) लांब, सिंगल फेजची तार बारीक. व्होल्टेज खाली आलं होतं. आम्ही करंट आठ अँपिअरवर आणला, पंखा जरा सावरला. रात्रभरात पंधराएक युनिट आत गेले. फास्ट चार्जरच्या हिशेबात हे काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवसभर वाटा तुडवून राजूरला परत यायला ते भरपूर झाले.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा काका काही घ्यायला तयार नव्हते. इथे मला एक गोष्ट तळमळीने सांगायचीय, कारण विजेच्या गाड्या घेऊन गावागावांत जाणाऱ्यांनी ती ध्यानात घेतली नाही तर आपण त्यांच्यावर भार होऊ. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. अशा घराचा महिन्याचा वापर पहिल्या टप्प्यात बसतो. पंधरा युनिट म्हणजे त्या टप्प्याचा सातवा हिस्सा. महिन्यात अशा चार-पाच गाड्या आल्या की ते घर वरच्या दरात जातं, आणि फरक पाहुण्याला कधी कळतही नाही. म्हणून वीज मोजायची, आणि पैसे पहिल्या टप्प्याच्या दराने नाही, वरच्या टप्प्याच्या दराने द्यायचे. वर काही ठेवायचे. शहरातल्या फास्ट चार्जरला युनिटमागे जे मोजतो ते इथे देताना हात आखडायचं काहीच कारण नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय की सह्याद्रीत विजेची गाडी आडवाटेला उत्तम चालते. इथे डांबर संपलं तरी तारा संपत नाहीत. अगदी शेवटच्या वाडीतही एक खांब उभा असतो. अंतरं थोडी, मुक्काम माणसांत. गाडीला रात्रभर लागणारा वेळ आणि माणसाला लागणारी झोप यांचं जमून जातं.

तांडीच्या पाटीपुढे हे जमत नाही. बारालाचा, लाचुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी ओलांडत जाताना मुक्काम होतो तो सरचू किंवा पांगच्या तंबूंत, आणि तिथले दिवे संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर. त्या जनरेटरवर गाडी लावली तर? एक लिटर डिझेलमागे तीनेक युनिट मिळतात, त्यावर गाडी पंधरा किलोमीटर जाईल. नुसत्या इंधनाच्या हिशेबात ते डिझेल गाडीपेक्षा फार वाईट नाही. पण तंबूवाल्याचा छोटा जनरेटर त्यासाठी रात्रभर, पूर्ण भाराने धडधडत ठेवावा लागेल. पंधरा हजार फुटांवर, जिथे आधीच श्वास पुरत नाही, तिथे शेजारच्या तंबूंत धूर आणि आवाज सोडून आपण स्वच्छ गाडीने आलो म्हणायचं? मला ते पटत नाही. हिमाचलमधल्याच स्पितीची गोष्ट वेगळी. तिथे काझाला २०२१ मध्येच चार्जिंग स्टेशन सुरू झालं, वाटेत गावंही आहेत. स्पितीला या गाडीने जायचं माझ्या मनात आहे. लेहला मनालीवरून नाही. अजून नाही.

"ते लोक ध्रुवावर गेले की," असंही ऐकवतात. गेले. ख्रिस आणि ज्युली रॅमझी हे स्कॉटलंडमधलं जोडपं २०२३ च्या मार्चमध्ये निस्सान आरिया घेऊन निघालं ते १८२३ साली चुंबकीय उत्तर ध्रुव जिथे होता त्या जागेवरून, आणि डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलं. गाडीला ३९ इंची टायर होते, बर्फातल्या टप्प्यांत मदतीचा ताफा बरोबर होता. त्या दोघांबद्दल मला निखळ आदर आहे. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की गाडी टिकते. डाकारचंही तसंच. जानेवारी २०२४ मध्ये कार्लोस साइन्सने ऑडीच्या ज्या गाडीतून सौदीच्या वाळवंटातली डाकार रॅली जिंकली तिची चाकं विजेच्या मोटरने फिरत होती, पण धावता धावता बॅटरी भरायला पोटात पेट्रोलचं इंजिन होतं. जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतीसाठी ऑडीच्या इंजिनिअरांनाही शेवटची तार बरोबर घेऊनच निघावं लागलं.

डीपीपासून लांब जायचं तर आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. डिझेल संपलेल्या गाडीला कुणीतरी मोटारसायकलवरून पाच लिटरचा कॅन आणून देतो. बॅटरी संपलेल्या गाडीला असं काही आणून देता येत नाही. शिवाय चाकं जमिनीवर ठेवून ती लांबवर ओढत नेणं बहुतेक कंपन्या वर्ज्य सांगतात, कारण चाकांबरोबर मोटर फिरत राहते. फ्लॅटबेडच लागतो, आणि रतनवाडीच्या पुढे फ्लॅटबेड येत नाही. चिखलातून काढायला ट्रॅक्टर चालतो, दहा-वीस फुटांचा प्रश्न असतो. म्हणून आम्ही वाटेला लागण्याआधी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेतो, आणि बॅटरी पस्तीस टक्क्यांच्या खाली गेली की वाट कितीही मोहात पाडत असली तरी गाडी वळवतो. टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवून जाणं, हवा भरायचा पंप बरोबर ठेवणं हे तर कुठल्याही गाडीला लागतंच.

एका बाबतीत मात्र या गाड्यांची मला काळजी वाटते. तिचा आवाज नाही, धूर नाही, म्हणून ती कुठेही नेली तरी चालते असा समज पसरतोय. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पावसाच्या तोंडावर इथे झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात आणि ते बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांची लुकलुक ही नर-मादीची एकमेकांना घातलेली साद. त्यांना त्रास होतो तो हेडलाइटचा, आणि विजेच्या गाडीचे हेडलाइट काही मंद नसतात. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावरच्या, पातळ मातीत दडलेल्या कंदांना टायरखाली चिरडताना गाडीत डिझेल आहे की लिथियम, याने फरक पडत नाही. सव्वादोन टन तर जास्तच रुततात. आधीपासून पडलेली चाकोरी सोडून गाडी घालू नये, रात्री अभयारण्यात हिंडू नये. याबाबत माझ्याशी वाद घालणाऱ्यांशी मी गाडीवर बोलायचंच सोडून दिलंय.

आता व्यवहाराचं बोलतो. फास्ट चार्जरची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. साम्रदला तो कशाला हवा? मुक्कामाच्या घरी चांगलं अर्थिंग, मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी स्विच आणि युनिट मोजायला एक छोटा सबमीटर, एवढं झालं की पुरे. रतनवाडी, पाचनई, साम्रद, घाटघर अशा दहा-बारा गडपायथ्याच्या गावांत एकेका घरी ही सोय झाली तर अख्खा उत्तर सह्याद्री विजेच्या गाडीला खुला होतो. खर्च एखाद्या गाडीच्या टायरच्या जोडीपेक्षा जास्त नाही, आणि तो गाडीवाल्यांनी वर्गणी काढून उचलावा असं मला मनापासून वाटतं. घरच्यांनाही त्यात सुरक्षितता आहे. इतकी वर्षं त्या घरातली माणसं ओल्या हातांनी मिक्सर लावत होती, आणि मागच्या पाइपला मातीचा आधार उरला नव्हता.

मावसभावाने आणि मी काकांच्या घरापासून सुरुवात करायचं ठरवलंय. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, कोळसा आणि मीठ भरलेला खोल खड्डा, वर पाणी घालायला नरसाळं. पावसाळ्याआधी खणून घ्यायचा. फोनवर हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली: "खड्डा गोठ्यापासून लांब घ्या. जमिनीत करंट उतरला तर बैलाला माणसाआधी बसतो." इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, काकांचं बरोबर आहे, जागा बदला. मग मोरीची बाजू सोडून घराच्या पूर्वेला, फणसाच्या पलीकडे जागा धरली आहे. वायर वीस फूट जास्त लागणार.